जित्ता चुना

सौष्ठव कक्षाच्या नोटिशीत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, आणि माझं डोकं तिथंच फिरलं. जन्मभर मुलींच्या शाळेत मराठी शिकवलेल्या बाईच्या हातात कागद आला की ती आधी तांबडं पेन शोधते, मजकूर नंतर. पण हल्ली या नोटिसा यंत्र लिहितं. ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक, अनुस्वार जागच्या जागी. नाइलाजानं मजकूर वाचावा लागला. 'आपल्या घराच्या दर्शनी भिंतीवर पुरळ आढळले आहे. गुढीपाडव्यापूर्वी भिंत निर्मळ करून घ्यावी.'

"पुरळ!" मी समोरच्या ओट्यावर बसलेल्या अंबक्काला ओरडून सांगितलं. "माझ्या भिंतीला पुरळ उठलंय म्हणे. गोवर असेल."

"मग दाराला कडुलिंब बांध की," अंबक्का म्हणाली आणि हसता हसता तिला धाप लागली.

अंबक्का चिप्पा माझी समोरची शेजारीण. सोलापूरच्या या विणकर वसाहतीत मी नवरी म्हणून आले, तेव्हा ती कडेवर मूल घेऊन मला बघायला आली होती. तिची शाळा तेलुगू. मराठी अक्षरं तिला मी तिच्या ओट्यावर बसून शिकवली. त्या काळापासून ती मला टीचर म्हणते. उमेदीची सगळी वर्षं तिनं मागाजवळ काढली, चादरींची तूस छातीत गेली. आता तिला ऊन सोसत नाही. गेल्या वैशाखात ती ओट्यावरच कोसळली होती आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन मी तिला पाणी पाजत होते.

हे सांगायचं कारण, भिंतीचा आणि अंबक्काच्या उन्हाचा संबंध होता.

शहरांत उन्हाळे असह्य झाले तेव्हा सरकारनं नगर सौष्ठव नियम आणले. घर तुमचं, पण रस्त्याकडची भिंत सगळ्यांची, असं त्यामागचं सूत्र होतं. भिंतीला तडा नको, ओल नको, शेवाळ नको, पोपडे नकोत. पांढऱ्या, गुळगुळीत, निरोगी भिंती ऊन परतवतात आणि गल्ली गार राहते, हे मोजून सिद्ध झालेलं. ज्या गल्लीतल्या सगळ्या भिंती निर्मळ, त्या गल्लीवर सावलीचं छत बसायचं. दहा वाजले की पांढरा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतो आणि त्यातून पाण्याचे बारीक तुषार पडतात. पण एक जरी भिंत नापास झाली, तरी सगळी गल्ली नापास. शाळेत एका मुलीनं गडबड केली की मी सगळ्या वर्गाला उभं करायची. तेव्हा मुलींना काय वाटत असेल, ते मला या वयात कळलं.

नियमाबरोबर आला तो लेप. सरकारी नाव 'स्वयंपूरक चूर्णलेप'. आमच्या वसाहतीत त्याला पहिल्याच दिवशी जित्ता चुना म्हणायला लागले, आणि मला विचाराल तर तेच नाव बरं. कारण तो खरोखरच जिवंत होता. चुना, बारीक वाळू आणि त्यात झोपवून ठेवलेले जिवाणू. भिंतीला तडा गेला आणि त्यात ओल शिरली की हे जिवाणू जागे होतात. त्यांच्यासाठी लेपातच खाऊचे कण पेरलेले असतात. ते खायचं, श्वास सोडायचा. तो श्वास आणि भिंतीतलं कॅल्शियम एक होऊन चुनखडी तयार होते, शिंपल्याची बनते तीच. तडा आतून भरत येतो. भरला की ओल बंद, खाऊ बंद, आणि स्वारी पुन्हा झोपते ती पुढचा तडा जाईपर्यंत. खाऊ मोजूनमापून घातलेला असल्यामुळे भिंत हवी तेवढीच वाढते, त्याहून केसभरही जास्त नाही.

आणि ते केसभर मोजायला दर महिन्याला संध्याकाळी उजेडगाडी यायची. गल्लीतून हळूहळू जाताना ती भिंतीवर आडवा उजेड टाकते. आडव्या उजेडात मुंगीएवढा उंचवटाही सावली पाडतो, आणि ती सावली गाडी टिपून घेते. माझ्या भिंतीवरचं पुरळ तिनंच पकडलं होतं.

संक्रांतीनंतर कक्षातून गुरुनाथ माळगे आला. तिशीतला, मुलाखतीला आल्यासारखा नीट भांग पाडलेला. आल्या आल्या वाकून नमस्कार केला, म्हणून मी त्याला तिळगूळ दिला. नाहीतर देणार नव्हते.

त्यानं दार आणि खिडकी यांच्यामधल्या भिंतीवरून बोटं फिरवली. "आज्जी, इथं लेप जास्तीचा वाढलाय. असं होत नसतं. त्याला खाऊच नाही तेवढा."

"मग कुणी खायला घातलं? मी तर नाही घातलं."

तो हसला. उत्तर दिलं अंबक्कानं, समोरच्या ओट्यावरून. उन्हं उतरून भिंतीला चाटून जात होती. "टीचर, तुझ्या भिंतीवर म दिसलालाय की गं!" ती ओरडली. "आणि तिकडं रा. मधलं काय कळंना."

मी रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभी राहिले. खरंच, पांढऱ्यावर पांढरा म होता. मधे नुसता चुन्याचा गठ्ठा आणि मग रा. मी तिथंच रस्त्यात उभी राहिले, मागून येणारा सायकलवाला बोंबलत होता तरी.

आमच्याकडे तेव्हा लग्न ठरलं की मुलाच्या घराची दर्शनी भिंत रंगवायचे. पत्रिका चार लोकांना जाते, भिंत सगळ्या गावाला. आमच्या लग्नाची भिंत गफूरभाई पेंटरनं रंगवली होती. वर गणपती, दोन्हीकडं सोंडेत हार घेतलेले हत्ती, त्यातला डावीकडचा चुकून डुकरावर गेलेला. आणि मधे निळ्या वळणदार अक्षरांत : चि. दिगंबर आणि चि. सौ. कां. मथुरा.

मथुरा मी. आता हे नाव सांगताना माझंच मला परक्यासारखं वाटतं. कारण लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी सोन्याच्या अंगठीनं त्यावर 'स्मिता' लिहिलं. सासूबाईंनी निवडलेलं नाव. मथुरा त्यांना फार जुनाट वाटत होतं. तांदळाचा भात झाला आणि मी स्मिता झाले. शाळेच्या हजेरीपासून सिलेंडरच्या पुस्तकापर्यंत स्मिता दिगंबर होटकर. पहिल्या दिवाळीला सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "लग्न झालं, आता ती भिंत पांढरी कर. ती मथुरा काय आता या घरात राहत नाही." ह्यांनी मुकाट्यानं चुना मारला. मी स्वयंपाकघरात करंज्या तळत होते. तेव्हा काही वाटलं नाही असं मी स्वतःला सांगितलं होतं, पण त्या दिवशीच्या करंज्या मी करपवल्या, हे मला अजून आठवतं.

सासूबाई वाईट नव्हत्या. मला बी.एड. त्यांनीच करू दिलं. दारावरच्या संगमरवरी पाटीवर 'रुक्मिणी निवास' लिहिलंय, त्या रुक्मिणी त्याच. पण तेही त्यांचं लग्नातलंच नाव. माहेरचं काय होतं, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

आईवडील गेल्यावर मला मथुरा म्हणणारं कुणी उरलं नाही. ह्यांनी तर मला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. त्यांचं आपलं 'अगं'. अगं चहा, अगं चष्मा, अगं ऐकतेस का. दवाखान्यात शेवटच्या दिवशीसुद्धा 'अगं पंखा बारीक कर'. त्याला आता पाच वर्षं झाली.

"लग्नाचं लिखाण वर येतंय," मी गुरुनाथला सांगितलं. "गफूरभाई रंगात डिंक घालायचे. तुझे जिवाणू तो डिंक खातायत."

"असू शकतंय, आज्जी." त्याचे डोळे चमकले. "डिंक म्हणजे साखरच की त्यांच्यासाठी! पण मग हत्ती का येईना?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण मी त्या म कडेच बघत बसले होते.

त्यानं उपाय सांगितला. ती जागा विटेपर्यंत खरवडायची आणि नवा लेप द्यायचा. दुसरी वाट नाही. पाडव्यापासून पास गल्ल्यांवर छत पसरतं आणि त्याआधी गल्ली निर्मळ हवी.

मी घरात येऊन सौष्ठवाची अख्खी नियमावली वाचून काढली. खरं सांगायचं तर पळवाट शोधायला नाही, चूक शोधायला. एवढ्या जाड पुस्तकात एकतरी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल आणि ते मी त्यांच्या तोंडावर मारेन, अशी माझी आशा होती. कुंपणाची उंची, तुळशीवृंदावनाची जागा, कपडे वाळत घालायची दिशा, गृहनामाची पाटी, पन्हळीचा उतार... सगळं वाचलं. चूक नव्हती.

पुण्याहून हर्षदचा, माझ्या मुलाचा, फोन आला. "आई, खरवडून टाक. जुना रंग तो. त्यात काय एवढं?"

"काही नाही," मी म्हटलं. माझं नाव मथुरा होतं, हे त्याला माहीत तरी असेल का, असा मला प्रश्न पडला. मी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं.

अंबक्का मात्र अडून बसली. "खरवडू नको गं टीचर. ऊन काय मला नवीन आहे का? मी ओलं फडकं घेऊन बसते."

"गेल्या वर्षी पण फडकंच होतं."

"मेले तर मेले. वय झालंय की."

"मला शिव्या द्यायला मग समोर कोण बसणार?" मी म्हटलं. एका बाजूला माझं नाव होतं, दुसऱ्या बाजूला ही बाई. विचार करावा लागू नये, पण करावा लागला, आणि दोन रात्री मला झोप आली नाही. शेवटी मी मनाशी म्हटलं, नाव गफूरभाईंनी पैसे घेऊन लिहिलं होतं. दहा घरांवर लिहिलं असेल. एका पेंटरच्या अक्षरासाठी अंबक्काला उन्हात कोण ठेवणार? मी गुरुनाथला निरोप धाडला : खरवड.

तो सकाळी माणसं घेऊन आला. खरवडण्याआधी भिंत ओली करावी लागते. पाण्याचा फवारा बसला, लेप करडा झाला, आणि गुरुनाथनं उजेडाचा दिवा भिंतीला टेकवून आडवा धरला. मधलं अक्षर एवढे दिवस नुसता गठ्ठा होता. ओल्या भिंतीवर आता ते स्पष्ट दिसलं. थ आणि त्याच्या खाली भलामोठा, शेपूट वळवलेला उकार. दीर्घ.

मथूरा.

"थांब," मी म्हटलं.

गफूरभाई अक्षरात चुकणारा माणूस नव्हता. त्यांच्या हाताखालून अख्ख्या पेठेच्या पाट्या गेल्या. आमच्या भिंतीवर त्यांनी मथुराच लिहिलं होतं, ऱ्हस्व, मी स्वतः बघितलं होतं. मथूरा लिहिणारा माणूस माझ्या आयुष्यात एकच होता. साखरपुड्याला पेढ्यांच्या खोक्यावर पेननं लिहून दिलं होतं : 'मथूरास, दिगंबरकडून'. मी तिथल्या तिथं पेन घेऊन दुरुस्त केलं आणि म्हटलं, "अहो, माझ्या नावात थुंकलात की!" त्यांचे कान लाल झाले. खोलीतल्या बायका फिदीफिदी हसल्या. एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडणारा माणूस, त्याला उकार कुठला सापडायला.

"गुरुनाथ," मी म्हटलं, "आत काय आहे ते आधी बघता येईल?"

"नमुना तर घ्यावाच लागतो, आज्जी." त्यानं अंगठ्याएवढी नळी भिंतीत फिरवली, उकाराच्या शेपटाजवळ, आणि भिंतीचा एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. मग भिंग दिलं.

एका पांढऱ्या थरावर एक पातळ, तपकिरी, काचेसारखी रेघ. पुन्हा पांढरा थर. पुन्हा रेघ. खालपासून वरपर्यंत. लेप येईपर्यंत आमच्या घराला जन्मभर साधा चुनाच लागला, कारण हे हट्टी. सगळी वसाहत डिस्टेंपरवर गेली, मग प्लॅस्टिक रंगावर गेली, आमचे हे दर दिवाळीला बादलीत चुना भिजवून स्वतः शिडीवर. मी किती बडबडले असेन! आणि दर दिवाळीला सगळ्या भिंतीआधी दार-खिडकीच्या मधे बारीक कुंचला घेऊन खुडबुडत बसायचे. गॅसवर बाभळीचा डिंक उकळून न्यायचे. "काय करताय तिथं एवढा वेळ?" मी विचारायची. "खपली निघतेय इथं. डिंक पाजतोय," एवढंच उत्तर. "अख्खी भिंत राहिलीय आणि तुम्ही एका खपलीला घेऊन बसलात!" हे वाक्य मी दर वर्षी म्हटलंय. दर वर्षी.

आईचा शब्द त्यांनी मोडला नाही. भिंत पांढरी केली. पण पांढऱ्यावर पातळ डिंकानं आधी माझं नाव लिहायचं आणि मग त्यावर चुन्याचा हात मारायचा. कुणाला दिसणार नाही, मलासुद्धा नाही. तोंडानं कधी उच्चारलं नाही ते नाव हा माणूस दर दिवाळीला लिहीत होता, आणि दर दिवाळीला चुकीचं लिहीत होता.

"हे डिंकाचेच थर आज्जी! म्हणून हत्ती नाही आले, त्यांच्यात एकच थर होता. इथं बघा, एक, दोन, तीन, चार..." गुरुनाथ रंगात आला होता.

"मोजू नको," मी म्हटलं.

मी तिथंच पायरीवर बसून रडले, पदर तोंडाला न लावता. खरवडायला आलेली माणसं गुटख्याच्या निमित्तानं कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. अंबक्का काठी टेकत रस्ता ओलांडून आली आणि माझ्या शेजारी बसली. उन्हात. तिला धाप लागायला लागली, तेव्हा मी डोळे पुसले.

ऊन तिथंच होतं आणि नियमही तिथंच होता. पण आता भिंत खरवडू देणं माझ्या हातून होणार नव्हतं. मग डोकं चालायला लागलं, आणि जन्मभर चुका शोधायची खोड पहिल्यांदा कामाला आली. नियमावली मला पाठ होती.

"गुरुनाथ, गृहनामाचं कलम काय म्हणतं?"

तो आठवू लागला. मीच म्हणून दाखवलं. "दर्शनी भिंतीवर उठावाची अक्षरे अनुज्ञेय नाहीत, गृहनामाचा अपवाद वगळता. एका घरास एकच गृहनाम असावे."

त्यानं भिंतीकडे पाहिलं, मग दारावरच्या संगमरवरी पाटीकडे. "पण आज्जी, तुमच्या घराला नाव आहे की."

"ते काढायचं."

हर्षद फोनवर चिडला. "आजीचं नाव काढणार? आजीचं घर आहे ते!"

"तिचं नाव रुक्मिणी नव्हतं, बाळा."

"मग काय होतं?"

"मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तिच्या सासरच्या भिंतीवर कुणी लिहून ठेवलं नाही." जरा थांबून मी म्हटलं, "माझं मथुरा होतं. तुझ्या वडिलांना ते लिहिता येत नव्हतं."

मग तो म्हणाला, "मी पाडव्याला येतो." ती पाटी मी फेकली नाही. देवघरावर लावली. सासूबाईंना तिथं बरं वाटेल, निदान रोज फूल मिळेल.

अर्ज यंत्रावर भरायचा होता. गुरुनाथ शेजारी बसला. मी लिहिलं : गृहनाम, मथूरा. यंत्रानं लगेच खाली तांबडी रेघ ओढली. 'आपल्याला "मथुरा" म्हणायचे आहे का?'

नाही, असं मी दाबलं.

'प्रमाणलेखनानुसार "मथुरा" हे रूप योग्य आहे. दुरुस्त करू का?'

"आज्जी, ते बरोबर म्हणतंय," गुरुनाथ हळूच म्हणाला. "भिंतीवरचा उकार आपण घासून ऱ्हस्व करू. पाच मिनिटांचं काम."

"मला शुद्धलेखन शिकवतोस?" मी म्हटलं, आणि त्याला हसू आलं. मलाही आलं. यंत्र तिसऱ्यांदा कारण विचारत होतं. मी लिहिलं, 'घरमालकिणीच्या पतीने असेच लिहिले आहे.' तांबडी रेघ गेली. अर्ज मंजूर झाला.

कलमाप्रमाणे गृहनाम दुरून वाचता यावं लागतं, म्हणून अक्षरांना गडद रंग देणं भाग होतं. निळा मीच दिला. थोडा डिंक घातला त्यात. गुरुनाथनं बघितलं आणि रंगाचा डबा माझ्यासमोर धरला.

पाडव्याला गुढी उभारली, हर्षद शिडी धरून उभा होता. दहा वाजता गल्लीच्या त्या टोकाकडून पडदा सरकत आला, चिप्पांचं घर, आमचं घर, पुढं. पहिले तुषार पडले तशी अंबक्कानं ओलं फडकं बाजूला ठेवलं आणि ओट्यावर पाय पसरले. सावलीत तिला आता भिंत नीट दिसत होती. डोळे बारीक करून, मी शिकवलं होतं तसं एकेक अक्षर सोडवत तिनं मोठ्यानं वाचलं.

"म... थू... रा." मग थांबली. पुन्हा वाचलं. "अगं टीचर, थु पहिला असतोय ना? तुझं नाव चुकलंय की गं!"

"हो," मी म्हटलं. "ह्यांचं अक्षर आहे."